डॉक्टरांची तोंडी परीक्षा

आमच्या इस्पितळात ऑपरेशन करून घ्यायचं म्हणजे पेशंटला आधी तोंडी परीक्षा द्यावी लागे. वशिला नसला तरी चालायचं, पण परीक्षेतून सुटका कुणाचीच नव्हती. पेशंट कचेरीतला साहेब असो की रापणीचं जाळं ओढणारा गडी, डॉक्टर त्याच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसत. उद्या त्याच्या अंगाचं काय काय होणार, कुठं सुई टोचणार, कुठं कापणार, शुद्धीवर आल्यावर कुठं दुखेल आणि किती दिवस दुखेल, हे सगळं अगदी निवांत सांगत. शेवटी गुडघ्यावर हात ठेवून म्हणत, "आता तू माका सांग."

सांगता आलं तर ऑपरेशन. नाही आलं तर पुन्हा शिकवणी.

मी घाटावरची. पन्नास साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील, नर्सिंग शिकून कोल्हापूरहून मालवणच्या किनाऱ्यावर आले ती या माणसाच्या हाताखाली. शिकताना आम्हाला एकच मंत्र दिला होता: पेशंटला फार सांगू नये, तो घाबरतो. इथं पहिल्याच दिवशी पाहिलं तर डॉक्टर एका म्हाताऱ्याला त्याच्या पोटात आतडी कशी गुंडाळून ठेवलेली असतात ते सुंभाची दोरी घेऊन दाखवत होते. म्हातारा घाबरला नव्हता. दोरी कमी पडेल की काय, एवढीच त्याला काळजी होती.

डॉक्टर उंच आणि किडकिडीत, अंगात पांढरा सदरा आणि खाली खाकी अर्धी चड्डी. मूळचे बांद्याकडचे, मुंबईला शिकलेले. त्या मुलखात सगळ्यांची रीत अशी, की घरात मालवणी आणि कचेरीत शुद्ध मराठी. डॉक्टरांचं सगळंच उलटं. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या बड्या साहेबाशीही ते मालवणीत बोलत आणि शुद्ध मराठी राखून ठेवत रागासाठी. "आपण जरा बाहेर बसावे," असं त्यांच्या तोंडून आलं, की समोरच्यानं पायताण शोधायला लागावं.

व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं माणसाचं पोट काढलं होतं. मोठं, उघडं, आत जठर, यकृत, आतडी, सगळं जागच्या जागी. चित्रकलेचा आणि त्यांचा फारसा घरोबा नव्हता, त्यामुळं वर काढलेला माणसाचा चेहरा बराच उग्र झाला होता. एका सकाळी मी पाहते तर त्या पोटाच्या बेंबीत जास्वंदीचं फूल खोचलेलं आणि पुढ्यात निरांजन. कुणीतरी त्याला इस्पितळाचा राखणदार समजलं होतं. मी पुसायला फडकं आणलं, तर डॉक्टर म्हणाले, "ऱवांदे गो बाई. पाया पडतत तर पडांदेत. पाया पडताना पोटाकडे बगतत ना?" पुढं महिनाभर त्या यकृताला कुंकू लागत होतं.

त्यांची परीक्षा इतकी कडक का, ते एका शेतकऱ्यावरून मला कळलं. त्याला अंतर्गळ होता. डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं, की कुंपण मोडलं की ढोर जसं बाहेर येतं, तसं तुझं आतडं आलंय, ते आत ढकलायचं आणि कुंपण शिवायचं. गडी प्रत्येक वाक्याला मान हलवी.

"कमरेत सुई देतलंय, खालचां अंग निजतलां. समाजलां?"

"व्हय."

"मगे तुझो उजवो पाय काढून डाव्या जाग्यार लावतलंय. समाजलां?"

"व्हय. तुमी म्हणशात तसां."

डॉक्टर उठले. "आपण उद्या येऊ नये," शुद्ध मराठीत म्हणाले, आणि ताडताड निघून गेले. तो बिचारा माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला समजावलं, की होय म्हणायचं नसतं, ऐकायचं असतं. पण दोष त्याचा तरी काय? या मुलखात देवापुढं गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. एक जाणता माणूस हात जोडून देवाला सगळं सांगतो आणि प्रत्येक ओळीला बाकीचे "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. जन्मभर तीच सवय. मोठ्या माणसानं बोलावं, आपण व्हय म्हणावं. डॉक्टरांचं सगळं आयुष्य त्या एका 'व्हय'शी भांडण्यात गेलं असं मला कधीकधी वाटतं.

दुसरं भांडण पेजेशी. आजाऱ्याला पेज नाही म्हणजे या लोकांच्या लेखी त्याला जिवंत ठेवायचंच नाही. ऑपरेशन झालं, की आयाबाया पदराखाली पेजेचा डबा लपवून येत. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेई. डॉक्टर ओरडत नसत. आईला समोर बसवून विचारत, "तुझो झील निजललो असतो तर तेच्या तोंडात पेज घातलं असतंस?"

"नाय बा. घुसमाटतलो मा तो!"

"मगे ऐक. झील जागो झालो, पण तेचां आतडां आजून निजल्लां आसा. वारो सरलो काय समजायचां आतडां उठलां. मगे दी तुझी पेज."

त्यामुळं आमच्या वॉर्डात वारा सरणं ही खाजगी बाब राहिली नव्हती. रोज सकाळी डॉक्टर फेरीला आले, की मोठ्यानं तीच चौकशी. कचेरीतले एक भारदस्त अव्वल कारकून आमच्याकडं अपेंडिक्ससाठी होते. डॉक्टरांनी विचारलं, तर त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि म्हणाले, "अद्याप तसा योग आलेला नाही." पुढं योग आला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा खलाशी ओरडला, "डॉक्टरानू, रावसायबांचो वारो सरलो!" आणि अख्ख्या वॉर्डानं आनंद साजरा केला. रावसाहेबांनी दोन दिवस कुणाकडं बघितलं नाही. पेज मात्र वाटीभर जास्तीची मागून घेतली.

हे सगळं गमतीचं. पण एकदा त्या परीक्षेपायी मी डॉक्टरांशी कडाडून भांडले.

तोंडवलीची एक बाई आणली होती तिच्या दिरानं. चाळिशीची, विधवा, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरणारी. पोट नऊ महिन्यांच्या बाईसारखं. विधवेचं पोट वाढलेलं पाहिल्यावर गाव काय बोलत असेल ते सांगायला नको. अर्धे म्हणत पोर, अर्धे म्हणत भूत. तिनं घराबाहेर पडणं सोडलं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला हळूच सांगितलं, अंडाशयाची गाठ आहे, पाण्यानं भरलेली. गाठ वर छातीला दाबत होती, बाईला धड आडवंही होता येत नव्हतं. बसल्या बसल्या धापा टाकायची.

दीर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "काय तां कापाकाप करा, डॉक्टरानू. खंय अंगठो करूचो तां सांगा, मी करतंय. पण तिका काय सांगा नको. भियान मरतली."

डॉक्टर म्हणाले, "पोटात गाठ कोणाच्या?"

"तिच्या."

"मगे तुझो अंगठो घेवन मी काय करू?"

आणि मांडलं स्टूल तिच्या खाटेपाशी. पण बाई तोंडातून शब्द काढेना. छातीवर मान टाकून बसून राही. काही विचारलं, की दाराकडं, दिराकडं बघे. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिची धाप मला ऐकवेना. मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, "तुमच्या या हट्टापायी ती बाई जाईल. दीर हो म्हणतोय, मी हो म्हणतेय, करून टाका ना! बरी झाली की सांगा काय सांगायचंय ते."

ते माझ्यावर चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "बरी होवची आसात तर तिका आधी म्हायत होया." आणि परत जाऊन बसले. मला इतका संताप आला की हातातला ट्रे मी आपटलाच.

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा बोलली. मी पलीकडं पट्ट्या गुंडाळत होते. तिनं मान वर केली आणि सरळ विचारलं, "तुमच्या हातसून कोण मेला काय?"

असा प्रश्न डॉक्टरांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्टूल आणखी पुढं ओढलं.

"एक झील गेलो," ते म्हणाले. "आवशीक एकटो होतो. आतड्याचां ऑपरेशन, बरां झाल्लां. पेज दी नको इतक्याच मी तिका सांगलंय. कित्याक नको तां सांगूक नाय. घाई होती माका. तेच्या आवशीन मायेन भरवल्यान. आतले टाके सुटले. तिका आजून वाटता, आपणच मारलां. तिनां नाय मारूक. मी सांगूक नाय, म्हणान तो गेलो."

इतकी वर्षं बरोबर काम करून त्या एकुलत्या पोराची आणि त्याच्या आईची ही गोष्ट मला माहीत नव्हती.

बाईनं पदर सारखा केला. "मगे माका सगळां सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची परीक्षा झाली. एकही ओळ चुकली नाही. मी ऑपरेशनची भांडी उकळायला टाकली, आणि तेवढ्यात आदल्या दिवशी गावी गेलेला दीर परत आला तो तिचं गाठोडं बांधायलाच. देवळात त्यानं कौल लावला होता. कौल म्हणजे, गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवाला प्रश्न घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौल डावा पडला होता. आता ऑपरेशन नाही म्हणजे नाही.

मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता डॉक्टर शुद्ध मराठी काढणार. पण ते दिराच्या शेजारी बाकावर टेकले.

"देवाक काय विचारलंस?"

"ऑपरेशन करूचां काय नको, इतक्याच."

"गाठ आसा म्हणान सांगलंस? नाय काढली तर ती मरतली, तां सांगलंस?"

"तां खंय सांगूचां? देवाक म्हायत नाय काय?"

"अरे, अर्धी केस सांगून माका विचारलंस तर मी पण नको म्हणान सांगीन. देव बिचारो काय करतलो? आणि गाठ हिच्या पोटात, गाराणां तू घालतंस! हिका ने, हिका सांगांदे."

दिराला यात खोट काढता येईना. खाडीपर्यंत बैलगाडी आणि पुढं होडी, असे आम्ही निघालो. बाईला सावरायला मी बरोबर गेले. डॉक्टर छत्री घेऊन गाडीमागून चालत होते. देवळात ही बातमी आमच्या आधी पोचली होती, निम्मा गाव जमला होता. तिच्या पोटाकडं बघत बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या. गुरवानं पाकळ्या लावायला घेतल्या आणि दिराला पुढं बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "ती सांगतली." गुरव चुळबुळला, पण अडवलं नाही.

बाई माझा हात सोडून उभी राहिली. धाप लागलेली, आवाज बारीक.

"बा देवा म्हाराजा, माझ्या पोटात गाठ आसा. पोर न्हय, भूत न्हय."

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे म्हणाले. म्हणून झाल्यावर काही बायकांनी माना खाली घातल्या.

"डॉक्टर माका औषध हुंगवन निजवतले."

"व्हय म्हाराजा!"

"पोट बेंबयेखाली कापतले, गाठ काढतले आणि शिवतले."

"व्हय म्हाराजा!"

"तेतूर मी मरान पण जाईन."

कुणीच काही बोललं नाही. गुरवाच्या ताटलीतल्या पळीचा तेवढा आवाज झाला.

"तशीच ऱवलंय तर गाठ मारतलीच," ती म्हणाली. "म्हणान मी जातंय. विचारूक येवक नाय म्हाराजा. सांगूक इलंय."

गुरवाच्या बोटावर पाकळी होती. त्यानं एकदा देवाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि पाकळी ताटलीत परत ठेवली. मग तिच्या ओंजळीत तीर्थ घातलं. मी काही फारशी देवभोळी नाही, पण माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत. डॉक्टर छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे होते.

ऑपरेशन सकाळच्या उन्हात झालं. आमच्याकडं दिवे कंदिलाचे, त्यामुळं खिडकीतून ऊन येई तेव्हाच मोठी कामं. गाठ निघाली ती चांगल्या थोरल्या भोपळ्याएवढी. बाई शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांनी बादली तिच्या खाटेपाशी नेऊन ती दाखवली, मग दिराला दाखवली. दीर बघून भिंतीला टेकला. पुढचे चार दिवस तो तोंडवलीत घरोघर जाऊन बादलीत काय होतं ते सांगत होता म्हणे. चांगलं केलं त्यानं. बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

आठवडा होत आला. बाई पेज पिऊ लागली, भातावर आली. हुंगायच्या औषधानं तिला खोकला झाला होता, तेवढीच कटकट. मला वाटलं, जिंकलो. एक दिवस दुपारी मी तिची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "बाईनू, पट्टी भिजली."

"दुखतंय का?"

"नाय. काय एक दुकणा नाय. पण भिजली. गुलाबी पाणी आसा. डॉक्टरांनी सांगल्यानी होतां, दुकला नाय तरी असां झालां तर सांगूचां. माका लाज वाटता, पण सांगूचां म्हणान सांगतंय."

मी वेणी तशीच सोडून चादर वर केली. न दुखता पट्टी अशी गुलाबी पाण्यानं भिजली, की समजायचं, आतले टाके सुटलेत आणि वरच्या कातडीनं तेवढं पोट धरून ठेवलंय. एक जोराचा खोकला, आणि ती कातडीही फाटणार. मी तिला म्हटलं, हलू नकोस, खोकू नकोस. ती म्हणाली, "म्हायत आसा," आणि उशी पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. डॉक्टर जेवणावरून उठून आले. ऊन होतं तोवर त्यांनी पोट पुन्हा शिवून काढलं.

मी तिथल्या बायका बघत आले होते. कमरेखाली काहीही झालं, तरी जीभ चावून गप्प बसायच्या. दुखतच नसेल, तर बोलायचा प्रश्नच नाही. हिला कुणी काही सांगितलं नसतं, तर ही पदर ओढून पडून राहिली असती आणि रात्री एका खोकल्यासरशी संपली असती. मला ते तेव्हा लख्ख दिसलं. माझा आधीचा राग खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही, त्या दोन दिवसांत ती गेली असती तर मी डॉक्टरांना कधीच माफ केलं नसतं. पण ते जे सांगत बसले, त्यानंच ती वाचली.

ऑपरेशन आटोपून डॉक्टर पायरीवर येऊन बसले. "बाई, थोडा चहा मिळेल का?" म्हणाले. शुद्ध मराठीत, आणि राग तर कुठंच नव्हता. मी चहा करून आणला, आम्ही दोघांनी तिथंच पायरीवर प्यायला.

पुढं तीनेक आठवड्यांनी तिला घरी सोडलं. दीर न्यायला आला होता, धुतलेला सदरा घालून. बाई खाटेवर बसून गाठोडं बांधत होती. तिच्याकडं पाठ करून तो डॉक्टरांपुढं हात जोडून उभा राहिला.

"डॉक्टरानू, हिका आता काय खावक घालूचां, वजन कधी उचलूक देवचां, पाटी कधी डोक्यार देवची, तां सगळां माका सांगून ठेवा. मी बगान घेतंय."

डॉक्टरांनी फक्त बाईकडं पाहिलं.

तिनं गाठोड्याची गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली, आणि वर न बघताच म्हणाली, "माका सगळां सांगल्यानी आसा. तुका होया तर माका इचार. पोट माझां."

दीर वळला. त्यानं खाली वाकून तिचं गाठोडं उचललं.

"वयनी," तो म्हणाला, "होडयेत तू खंय बसतलंस?"

घरच्या माणसानं तिला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.